पत्रियार्कांच्या हवाली

२० मार्च २०२०, कालगुर्ली
पोचलो एकदाचे! पर्थपासून माझा नवरा एलायस गाडी चालवत गात होता आणि मी कान झाकून बसले होते. क्वेकर्स हिलच्या आमच्या जुन्या खुराड्यापुढे हे घर म्हणजे राजवाडाच. पूर्वी इथे चर्च होतं. भाविकांत तट पडले, सगळे पांगले आणि आमच्या घरमालकाने, लॉयडने, इमारत घेऊन भाड्याने दिली. मागची खोली बाप्तिस्म्याची. दगडी कुंड अजून आहे. त्यावर अलेक्झांड्रियाच्या प्राचीन धर्मप्रमुखांचं, पत्रियार्क प्रोटेरियसचं चित्र. लॉयड म्हणाला, पंधराशे वर्षांपूर्वी तिथल्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा हे असल्याच खोलीत लपले होते. पवित्र आठवड्यात जमावाने गाठून मारलं, मग जाळलं. एलायसची खाणीतली नोकरी सोमवारपासून.

३१ मार्च
एलायसला कोविड. डॉक्टर म्हणाले, घरीच वेगळं ठेवा. मागच्या खोलीत त्याची खाट टाकली. ताप उतरेना. संध्याकाळी रोझरीची जपमाळ झाल्यावर वसईला आई बोलायची तसा नवस बोलले, "पत्रियार्क, माझा माणूस तुमच्या हवाली. जिथे तुम्ही, तिथे तो."

३ एप्रिल
ताप गेला! पण एलायस बाहेर येत नाही. दारात माणसं आहेत म्हणतो. आवारात लाल मातीशिवाय काही नाही.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
भर दुपारी मलाही पावलं ऐकू आली. खूप. रस्ता रिकामा. लॉयडला फोन केला. त्या खोलीत एलायसला ठेवलंय हे ऐकून त्याने उरलेली गोष्ट सांगितली. भांडण येशूच्या स्वरूपावरून होतं म्हणे, एक की दोन. पत्रियार्क दोन म्हणत, जमाव एक. या पवित्र आठवड्यात ती माणसं अजून तेच विचारत येतात. मला फार भीती वाटते आहे.

८ एप्रिल
खोलीत दोघं बोलतात. एक आवाज एलायसचा. दार आतून बंद.

९ एप्रिल, पवित्र गुरुवार
नवस मागे घेतला. शंभरदा घेतला. कोणी ऐकत नाही—
ते अंगणात आलेत. हातात जळती लाकडं. मला विचारतात, आमच्या वसईच्या बोलीत— एक की दोन?
लहानपणापासून शिकलेय, दोन. देव आणि माणूस.
एलायससाठी मी एक म्हणाले.
सोडतील वाटलं. हसले. आपलीच आहे म्हणाले. लाकूड माझ्या हातात दिलं, सुटत नाही— डाव्या हाताने लिहितेय— मला दाराकडे ढकलतायत—
एलायस आतून विचारतोय, व्हॅल, तू आहेस ना? मग उघडतो.
नको म्हणायला तोंड उघडलं, आवाज—
कडी काढली त्याने. मला बघून तो—