दर्याभवानीचे गाऱ्हाणे

तोंडवली, बुधवार

चि. सौ. अनुजास दाजीमामाचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत असे लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिले. जिन्यावरून घसरून तुझा पाय मोडल्याचे समजले. प्लास्टर कधी निघणार? आणि पडलीस तो वार नि जमल्यास वेळ कळव. (उगाच विचारतो.)

आपली ‘दर्याभवानी’ लाँच आठवते ना? तुझी आई तिच्यातूनच सासरी गेली. पस्तीस वर्षे खाडीच्या चिखलात बसून आहे (लाँच). भंगारवाल्याची माणसे सागवान फोडायला आली, तेव्हा आम्ही दहाबारा म्हातारे आडवे झालो. तेवढ्याने भागेना, म्हणून मी नारळ धरून देवाला गाऱ्हाणे घातले. आवेश असा चढला, की बोलून बसलो, “हेच्यार जो कोण हातोडो घालीत, नायतर जेणा हेचो खिळो जरी घराक नेल्यान आसात, तेचे हातपाय धड ऱ्हवा नये रे म्हाराजा!” सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” भंगारवाला घण टाकून पळाला.

आता बंदर खात्याचे साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत तळाचे भोक बुजवून लाँच तरंगवा, नाहीतर तोडणार. होड्या दुरुस्त करणाऱ्या हरिश्चंद्र मेस्तांना बोलावले, तर ते हातोडा पाठीमागे लपवून म्हणतात, “दाजीनू, माझे हात माका होये आसत.” त्यांचेही खरेच. मोडणारा कोण नि जोडणारा कोण, हे देव विचारत बसेल काय?

गुरव म्हणाला, नेलेले सगळे परत आल्याशिवाय गाऱ्हाणे फिरवता येत नाही. झाले! गाव टरकला. राधाबाईंनी खुराड्याची शिडी आणली, चहावाल्याने बाक आणले, सरपंचांकडून तर दारच आले (त्यांच्या न्हाणीला आता पडदा आहे). राहिली फक्त लाँचवरची पितळेची घंटा. “चोर कोण?” असे सभेत सर्वांत मोठ्याने मीच विचारले. तेव्हापासून माझा उजवा हात कापतो, अक्षर बघतेसच. माडाखालून जात नाही, विहिरीकडे फिरकत नाही, सुपारीसुद्धा तुझी नर्मदामामी कातरून देते.

पायाला जप, बाय माझी.

तुझा
दाजीमामा

ता. क. तुझ्या वास्तुशांतीला देव्हाऱ्यासाठी घंटा दिली होती, कोल्हापूरहून मुद्दाम आणली म्हणून. कोल्हापूर मी अजून पाहिलेले नाही. सोमवारच्या आत पाठव.

दुसरा ता. क. तू स्वतः येऊ नकोस, एक पाय अजून शाबूत आहे. जावईबापूंकडे दे. कारण मात्र सांगू नकोस, त्यांना घाटातून गाडी चालवायची आहे.

तिसरा ता. क. गाऱ्हाणे गेल्या मंगळवारी सकाळी दहाला घातले. तू कधी पडलीस, ते आता कळवू नकोस.