उरलेल्याचे टक्के

४ फेब्रुवारी

पाचशे साठ नाही! उत्तर पाचशे साठ नाही, नाही, नाही!

छापील किंमत आठशे. दुकानदार वीस टक्के सूट देतो, मग आणखी दहा टक्के. वीस आणि दहा तीस. आठशेचे तीस टक्के दोनशे चाळीस. वजा केले की पाचशे साठ. पर्यायांत पाचशे साठ आहे सुद्धा! मी गोल केला. आणि मागे उत्तर — पाचशे शहात्तर.

ठमी हसली. "आई, दुसरी सूट उरलेल्यावर असते. आणि पाचशे साठ त्यांनी मुद्दाम ठेवलंय. तुझ्यासारख्यांसाठी."

माझ्यासारख्यांसाठी! म्हणजे कुठेतरी कुणीतरी बसून विचार केला, की इथे ही बाई पडणार. आणि मी पडले.

मोठ्या सिस्टरनी आम्हा वॉर्डातल्या सगळ्या आयांना बोलावून सांगितलं ते डोक्यातून जात नाही. मे महिन्यापासून वॉर्डची साफसफाई कंत्राटदाराकडे. तो त्याची माणसं आणणार. आम्हाला कायमची रजा. फक्त जी परिचारिका-सहायकाच्या कोर्सला लागेल तिला हॉस्पिटल ठेवून घेणार, शिकताना पगारही देणार. त्यासाठी पात्रता परीक्षा. गेल्या वर्षी हौसेनं बसले होते. भाषेत पास, सामान्य ज्ञानात पास, गणितात आपटले. तेव्हा हौस होती. आता गळ्याशी आलंय. आणि पुढच्या वर्षी वय बसत नाही.

ठमीनंही तोच फॉर्म भरलाय. बारावी झाली, तिला नर्सच व्हायचंय. सिस्टर म्हणाल्या, मायलेकी एका बाकावर बसा! सगळ्या हसल्या. मीही हसले.

६ फेब्रुवारी

आज पुन्हा पाचशे साठच आलं. आकडे वेगळे होते, चूक तीच.

९ फेब्रुवारी

लिहू की नको. लिहितेच.

सकाळी कणीक मळता मळता ठमीला विचारलं, "पंचवीस टक्के सूट देऊन पंखा पंधराशेला पडला, तर छापील किंमत किती?" मी म्हटलं अठराशे पंच्याहत्तर. पंधराशेत त्याचेच पंचवीस टक्के मिळवले. ती म्हणाली, चूक. मी म्हटलं, का? तिनं सांगितलं. मी म्हटलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. मी पुन्हा का म्हटलं तशी तिनं पेन आपटलं.

"आई, तुझं डोकं आहे का खोकं? एकच गोष्ट किती वेळा! तुला नाही जमायचं. सोड ना! माझाही अभ्यास आहे."

हे दाराशी चपला घालत होते. टेम्पोची वर्दी होती, घाईत होते. म्हणाले, "आपल्या घरात शंभर टक्के एकच गोष्ट, तुझ्या आईची बडबड." विनोद केला त्यांनी. रोजचाच. रोज मी उलट काहीतरी बोलते.

आज बोलले नाही. कणीक मळत राहिले. इतकी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. रात्री मुकाट्यानं खाल्ल्या दोघांनी.

१० फेब्रुवारी

हॉस्पिटलात चादरींच्या खोलीत जाऊन रडले. तिथं बरं असतं. धुतलेल्या चादरींच्या थप्पीत तोंड घातलं की आवाज येत नाही.

तिला काही विचारणार नाही आता.

१४ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे मास्तर आलेत. मांडीचं हाड मोडलंय, कमरेपर्यंत प्लास्टर. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं म्हणे. तोंड इतकं तिखट की नर्स त्यांची खाट एकमेकींवर ढकलतात.

खाली पुसत होते तर एप्रनच्या खिशातून माझा कागद पडला. मी वाकायच्या आत त्यांनी काठीनं ओढून घेतला. चष्मा लावून वाचला.

"हे कोणी सोडवलं?"

"मी."

"वाटलंच."

कागद परत दिला. मला वाटलं, बादलीत डोकं घालून घ्यावं.

१५ फेब्रुवारी

मास्तरांनी हाक मारली. "ओ मावशी, कालचा कागद आणा." मी म्हटलं, कशाला? हसायला? तर म्हणाले, "छताकडे बघून बघून कंटाळलो. तुमच्या चुका छतापेक्षा बऱ्या आहेत."

उद्धट म्हातारा! पण कागद नेला.

१७ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसते. डबा मांडीवर, कागद त्यांच्या प्लास्टरवर. तिथंच लिहितो आम्ही. प्लास्टर टेबलापेक्षा टणक आहे.

म्हणाले, "सूट म्हटलं की तुम्ही हुरळता. काय गेलं, काय गेलं! गेलं ते गेलं. वीस टक्के गेले तर हातात काय?"

"ऐंशी."

"मग ऐंशी धरा आणि पुढे चला. त्या ऐंशीतले दहा टक्के गेले. किती?"

"आठ."

"राहिले?"

"बहात्तर." आणि मग माझं मलाच दिसलं — आठशेचे बहात्तर टक्के पाचशे शहात्तर! मी इतक्या मोठ्यानं "आलं!" म्हटलं की पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला. मास्तर म्हणाले, "ओरडू नका. असली अजून तीनशे सोडवायचीत."

२० फेब्रुवारी

सराव परीक्षा. नापास.

साधी सूट आली की जमते. उलटी विचारली की गडबडते. तो मेला पंखा पुन्हा आला, या वेळी शिलाई मशीन होऊन. पुन्हा उलटं मिळवून बसले. वर चुकलं की पाव गुण कापतात, ते वेगळंच. ठमीही बसली होती, तिला सगळ्यांत जास्त गुण. निम्म्या वेळात पेपर देऊन बाहेर उभी होती, मैत्रिणींत हसत. मला बघून हसायची थांबली. ते थांबणं जास्त लागलं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "मी परीक्षेला बसत नाही. लोकांपुढे किती वेळा पडायचं?"

हे टीव्ही बघत होते. बंद केला. मला वाटलं, पुन्हा काही विनोद येणार. म्हणाले, "मे महिन्यात काय करायचं, ते मी रोज गाडी चालवताना विचार करतो. मला काही सुचत नाही गं. तुला सुचलं तर सांग."

इतक्या वर्षांत हे असं कधी बोलले नव्हते. दोघं बंद टीव्हीकडे बघत बसलो.

२१ फेब्रुवारी

पुस्तक रद्दीत टाकलं. मग काढलं. मग टाकलं. शेवटी पाणी तापवायला गेले तेव्हा बघितलं तर कोणीतरी काढून फडताळात ठेवलं होतं. कोणी, ते विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी

मास्तरांना ताप होता तरी शिकवलं. मी नको म्हटलं तर खेकसले.

"छापील किंमत माहीत नाही ना? मग शंभर माना."

"पण ती शंभर नाहीये."

"अहो, माहीत आहे मला! माना म्हटलं. मानायला काय जातंय? शंभरातून पंचवीस गेले, उरले पंच्याहत्तर. आता हे पंच्याहत्तर म्हणजे तुमचे पंधराशे. एक म्हणजे किती?"

डब्यातली भाजी गार झाली. "वीस."

"मग शंभर?"

दोन हजार! दोन हजार! पंख्याची किंमत दोन हजार! सूट असते छापील किमतीवर, आणि मी मूर्ख ती हातातल्यावर मोजत होते. ठमीनं हेच सांगितलं होतं. अगदी हेच. तेव्हा ऐकू आलं नव्हतं. ती रागावली होती, मी घाबरले होते, मग ऐकू कसं येणार?

२७ फेब्रुवारी

मास्तरांना सोडलं. मुलगा न्यायला आला होता. चाकाच्या खुर्चीत बसवताना मी उशी लावली. म्हणाले, "पास झालात तर कळवू नका. नापास झालात तर कळवा. म्हणजे माझं कुठं चुकलं ते बघता येईल."

पाया पडायला वाकले तर म्हणाले, "वेळ घालवू नका, गणितं करा."

खाट रिकामी. दुपारी नवीन पेशंट आला. मी कागद घेऊन चादरींच्या खोलीत बसले.

२ मार्च

रात्री काय पाठ केलं ते सकाळी गुल. शंभर माना, शंभर माना — मानले, मग पुढे काय? पोछा पिळताना बोटांवर टक्के मोजते. एक आया म्हणाली, मावशी बावचळली. खरंच बावचळलेय. हे असं करून वेड लागलं तर कोर्सही नको आणि नोकरीही नको.

४ मार्च

ठमीनं स्वतःहून माझी वही ओढली. चाळीस टक्के वाढवून किंमत छापली, मग पंचवीस टक्के सूट, तर नफा किती? मी पाच टक्के लिहिलं होतं. तिनं ओळ न् ओळ तपासली.

"बरोबर आहे. कोणी शिकवलं?"

"प्लास्टरवाल्या मास्तरांनी."

वही मिटली. मग म्हणाली, "मला नाही जमलं ना तुला शिकवायला."

मी म्हटलं, "तू सगळं बरोबर सांगत होतीस गं." चहा करून आणला तिनं. साखर विसरली होती. मी तसाच प्यायले.

मग मी म्हटलं, चल, दोघी मिळून पेपर सोडवू. तर म्हणाली, "मला काय, डोळे मिटून सुटेल. तू कर." आणि मैत्रिणीकडे गेली. जाऊ दे. हुशार पोर आहे. तिची काळजी नाही.

८ मार्च

झाली परीक्षा.

पहिली दहा मिनिटं काही वाचताच येईना. अक्षरं मुंग्यांसारखी. मग मास्तरांचं खेकसणं आठवलं. प्रत्येक प्रश्न बोट ठेवून तीनदा वाचला. सुटेचे पाच होते. एकात "किती द्यावे लागतील" नव्हतं, "किती वाचले" होतं! तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं. चार नक्की बरोबर. पाचवा सोडून दिला. गुण कापून घ्यायची छाती नव्हती.

घंटा होईपर्यंत बसले होते. बाहेर आले तर ठमी केव्हाची फाटकापाशी. "एकही सोडला नाही! काय सोपा होता! तुझं?"

"बघू," म्हटलं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. लहान मुलीला फिरवतात तसा.

१९ मार्च

निकाल नाही. अन्न जात नाही.

२६ मार्च

कंत्राटदाराचा माणूस वॉर्ड मोजून गेला. माझ्या बादलीकडेही बघून गेला.

२ एप्रिल

निकाल लागला. सिस्टरनी त्यांच्या फोनवर दोन्ही नंबर टाकले. आधी माझा. "मावशी, झालात!" मिठी मारली मला. मग ठमीचा. यादीत दिसेना. परत टाकला. मग मी वाचून दाखवला, एकेक आकडा. मग त्यांनी फोन उलटा ठेवला.

आत्ता घरी आलेय. मोरीचं दार लावून लिहितेय. ठमीचा फोन बंद पडलाय, तिनं अजून काही पाहिलेलं नाही. माझे डोळे पाहिले फक्त. बाहेर उभी राहून दार वाजवतेय —

"आई, रडू नको गं. नाही झालं तर नाही झालं. मी आहे ना? मी लागले की आपलं सगळं नीट होईल. आई, दार उघड."