विल्फ्रिदोच्या गाण्याचा लिलाव

३ फेब्रुवारी
विल्फ्रिदोला जाऊन दोन वर्षं झाली. आता पुरे. त्याचा पिको, म्हणजे तो भिंतीएवढा स्पीकर, धूळ खात पडलाय. अख्ख्या बारानकिया शहरात फक्त आमच्याच पिकोवर वाजणारं त्याचं गाणं मी लिलावाच्या साईटवर विकणार. त्यानं तबकडीवरून भरलेल्या कॅसेटची फाइल लेकीनं, मार्लेनिसनं, करून दिली आहेच. धंद्यात भावना आणायच्या नाहीत.
स्पीकरवरची त्याची टोपी कपाटात ठेवली. नंतर परत स्पीकरवर. कपाटात दमट होते.

४ फेब्रुवारी
साईटचे नियम वाचले. शाळा चार इयत्ताच झाली, पण वाचनात मला कोणी हरवत नाही. डिजिटल मालावर विकणाऱ्याचा हक्क हवा म्हणतात. आहे की. नवरा माझा, पिको माझा, गाणं माझं.
पुढे गाण्याचं आणि गायकाचं नाव विचारलंय. इथं जरा अडलं. दुसऱ्या पिकोवाल्यांना कळू नये म्हणून विल्फ्रिदोनं तबकडी घरी आणली त्याच दिवशी तिचं लेबल सुरीनं खरवडलं होतं. मलाही सांगितलं नाही. मी भरलं: नाव, गुपित. गायक, गुपित. अशा मालाला भाव जास्तच येतो.

७ फेब्रुवारी
पहिली बोली. दागोबेर्तोची! मागल्या गल्लीतला पिकोवाला, विल्फ्रिदोचा जन्माचा वैरी. फोन करून विचारत होता, मध्ये तुझा नवरा ओरडतो तेवढं काढून देशील का. कोणी गाणं चोरलं तरी मालक कळावा म्हणून विल्फ्रिदोनं कॅसेट भरताना मध्येच आपलं नाव ठोकलं होतं.
मी म्हटलं, "गाढव घेताना शेपूट काढून मागतोस का?"
"एदुविनाबाई, जिवंतपणी ओरडला तेवढं पुरे की."
बोली मागे घेतली त्यानं. गिऱ्हाइकालाही लायकी लागते.

९ फेब्रुवारी
साईटनं जाहिरात काढून टाकली. त्यांच्या यंत्रानं गाणं ओळखलं म्हणे. आफ्रिकेतल्या किन्शासाच्या कुठल्याशा बँडचं आहे, हक्क भलत्याच कंपनीचे. मार्लेनिस म्हणाली, "आई, हे तर फोनवर फुकट ऐकायला मिळतं."
यंत्राविरुद्ध तक्रार केली. गाण्याचं नाव मात्र इथंही लिहिणार नाही. विल्फ्रिदोच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचलंही नाही.

१० फेब्रुवारी
नियम पुन्हा वाचले. स्वतःचं असेल तेच विका म्हणतात. ठीक. मार्लेनिसकडून गाणं पुसून घेतलं. उरला नुसता आवाज: "कान उघडा रे बहिऱ्यांनो! हे विल्फ्रिदोचं आहे, आणि एदुविनासाठी आहे." मग खोकला.
मार्लेनिस म्हणाली, "आई, हे घेणार कोण?"
झुंबड उडेल, मी म्हटलं. खोकला काढू का, तिनं विचारलं. असू दे म्हटलं. अस्सल माल आहे.

१४ फेब्रुवारी
बोली नाही. कार्निवलमुळे सगळे नाचण्यात दंग. मुहूर्त चुकला, मालात खोट नाही.

१५ फेब्रुवारी
एक बोली आली. माझीच, मार्लेनिसच्या नावानं. लिलाव ओस दिसू नये एवढ्यासाठी. मग कोणी त्याहून वर बोली चढवेल अशी शंका आली, म्हणून आणखी एक लावली. बरीच मोठी.

१६ फेब्रुवारी
खातं बंद. विकणाऱ्यानं आपल्याच मालावर बोली लावायची नसते. हा नियम मी वाचला होता. पण तो लबाडांसाठी आहे. शेवटी लिहिलंय: विक्री रद्द, माल मालकाकडेच राहील.
एवढ्या भानगडीत फाइल बिघडली तर नाही ना, हे पाहणं भाग होतं. दिवसभर वाजवून तपासली.