ताईनं सांगितलेलं खोटं

३ जून

चि. भोपळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या दोन्ही पँटी कमरेत आवळून पाठवते आहे. चार महिन्यांत छत्तीसची तीस झाली रे! सारा जन्म शिवणकामात गेला माझा, पण इतकं कापड आत मुडपताना हात थांबला.

एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी दवाखान्यात पोटातली कळ पाठीपर्यंत जाऊन तू दुमडून पडला होतास, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, हे दारू घेतात का. मी ठणकावून सांगितलं, आमचा हा चहासुद्धा मोजून घेतो. तेव्हापासून त्या बिचाऱ्या पित्ताचे खडे शोधताहेत. खडा काही सापडत नाही आणि स्वादुपिंड का सुजलं ते कळत नाही. लहानपणी तू फोडलेली पाटी मी माझ्या नावावर घ्यायचे, त्याच सवयीनं बोलून गेले. पण हे पाटीइतकं सोपं नाही. चोवीसला तुला पुन्हा बोलावलंय, तेव्हा खरं सांग. मीही सांगू शकते, पण तुझ्या तोंडचं बोलणं मी आधीच एकदा हिरावलंय.

राग आला तर पत्रात काढ, जेवणावर नको.

तुझी ताई

११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पँटी अगदी अंगाबेताच्या झाल्या. तुझं खोटं मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ऐकलं होतं. एवढ्या कळा येत असतानाही बरं वाटलं, म्हणून डोळे मिटून घेतले. तेव्हा निम्मं खोटं माझंच.

तुझ्यापासून काय लपवू? वीस वर्षं झाली पितोय. सकाळी दोन घोट गेल्याशिवाय हातात पटाशी ठरत नाही. खुर्चीचे चार पाय सारखे येईनात, तेव्हा मालकांनी मला सुतारकामावरून काढून पॉलिशला बसवलं. पण आता दुखणं थांबलंय. मग दवाखान्याच्या कागदावर 'दारुडा' लिहून कशाला घ्यायचं? तिथे येणारी जाणारी प्रत्येक नर्स तो कागद वाचते. चोवीसला जाऊच नये असं वाटतंय.

रागावू नकोस, एवढंच मागणं.

तुझा भोपळा (आता नुसता पडवळ)

१५ जून

चि. पडवळास आशीर्वाद.

रागावले नाही, घाबरले. वाचनालयातलं जाडजूड पुस्तक उघडून बसले. निम्मं कळलं नाही, निम्मं पुरे झालं. जेवण पचवायचा रस स्वादुपिंड तयार करतं. वर्षानुवर्षं दारू पडत राहिली की तो रस आतल्या आतच कामाला लागतो आणि स्वादुपिंडालाच खातो. चुलीनं घरच पेटवावं तसं. मग अन्न अंगी लागत नाही, माणूस वाळतो, पुढे साखरही वाढते. दुखणं थांबलं म्हणजे आग विझली असं नाही. आणि हो, माझ्या धाकानं एकदम सोडू नकोस. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर झटके येतात म्हणे, म्हणून तेही डॉक्टरांच्या हाताखालीच.

लिहू देत कागदावर काय लिहायचं ते. मला भाऊ हवा आहे, कोरा कागद नको.

जीव लावून बसलेली,
ताई

२५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल गेलो. बाहेरच्या बाकावरून दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आत गेल्यावर आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, बाई झापतील. त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि किती, कधीपासून, शेवटचा घोट कधी, एवढंच विचारलं. शेवटचा घोट त्याच सकाळचा होता, तोही सांगितला. बिघडलंय ते सगळं भरून येणार नाही म्हणाल्या, पण सोडली तर उरलंय ते टिकेल आणि पुन्हा कळा यायची भीतीही कमी होईल. जेवणासोबत घ्यायच्या गोळ्या दिल्यात, विडी बंद. सोमवारी दहा दिवसांसाठी दाखल व्हायचंय. दारू तिथेच सोडवणार आहेत.

भीती वाटते ताई. जमेलच असं छातीठोकपणे लिहवत नाही.

एक काम कर. शेजारीपाजारी विचारतील, भाऊ हल्ली येत नाही, कुठे गेला. गावाला गेलाय, कामावर गेलाय असं काही सांगू नकोस. दारू सोडायला गेलाय म्हणून सांग. तुझ्या तोंडून चार लोकांनी ऐकलं, की मलाही ते खरं वाटायला लागेल.

तुझा,
भाऊ