बोटावरची शाई

सर, परराष्ट्र धोरणाच्या पेपरात मी तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं: बाहेरच्यांनी लोकशाही नेऊन दिली, तरी अरबांना ती पेलणार नाही. वर्गात एकाने शंका काढली तेव्हा तुम्ही डस्टर असं आपटलंत की तो मटकन खाली बसला. "शिकायला आलात की शिकवायला?" मला तो दरारा आवडला. पुढे दोह्यात शिक्षिका झाले आणि तो दरारा वापरला, ते वाक्यही वापरलं.

मागच्या निवडणुकीला मी मत द्यायला खास नाशिकला निघाले. रास लफानच्या गॅस प्रकल्पातून ड्यूटी करून आलेले हे म्हणाले, "एका मतासाठी विमान? उमेदवाराला कळव, हार घेऊन उभा राहील." परतल्यावर मी थेट शेजारच्या इराकी बाईच्या स्वयंपाकघरात गेले, शाईचं बोट नाचवत. आमचा रोजचा चहा तिथेच व्हायचा. ती उठते, माझं मनगट धरून नळाखाली खेचते आणि तारेच्या घासणीने बोट घासू लागते. कातडी सोलून रक्त येतं. "खलास, पुरे! सोड!" मी ओरडते. "काढ हे, टीचर, काढ!" ती थांबतच नाही.

मग तिने सांगितलं. परक्या फौजा आल्या, हुकूमशहा गेला, पहिलं मतदान झालं. तिच्या धाकट्या भावानेही असंच बोट नाचवलं होतं. संध्याकाळी बंदूकवाल्यांनी गाडी अडवून सगळ्यांचे हात पाहिले. आधी त्याचं बोट तोडलं, मग गळा चिरला. प्रेत दारात टाकून गेले.

मी तुमचीच विद्यार्थिनी. म्हणाले, "मग हुकूमशहाच बरा होता. तुमच्या लोकांना हे पेलणारं नव्हतंच."

तिने खाडकन माझ्या मुस्कटात मारली. "माझ्या बापाला त्यानेच फासावर चढवलं. निघ."

नंतर कितीतरी दिवस मी एकटीच चहा प्यायले. या परक्या गावात मला तेवढं एकच घर होतं. शेवटी मीच बेल वाजवली. तिने आधी बोट पाहिलं, जखम भरली होती. "यल्ला, ये आत." तिने चहा ठेवला. मग मी विचारलं, भाऊ गेल्यावर मत दिलंस का कधी?

"पुढच्याच वेळी. आईला व्हीलचेअरवर बसवून नेलं."

सर, तुम्ही चुकलात. हे तोंडावर सांगायला तुम्ही आता या जगात नाही, आणि हा कागद मी कुठे धाडणारही नाही. म्हणून जे तिला सांगितलं नाही ते इथे लिहिते: माझ्या भावाला असं मारलं असतं, तर मी पुन्हा मतदानाला गेले नसते.