दोन वाटा, तेरा वाड्या

आई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू होतीस तेव्हा फोन आपल्याच पडवीत होता, पत्राची गरज कधी पडली नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर आता लिहायला बसले आहे, कारण उद्या वर्गात जे शिकवायचं आहे ते मी सगळ्यांत आधी तुझ्याकडून शिकले. महाडच्या कॉलेजात मी डिप्लोमाच्या मुलांना वायरलेस शिकवते. हवेतली एकच वाट पुष्कळ जणांनी मिळून कशी वापरायची, असा धडा आहे. कुठे फ्रिक्वेन्सी वाटून घेतात, कुठे वेळ वाटून घेतात, तर कुठे प्रत्येकाला निराळी खूण देऊन सगळ्यांना एकदम बोलू देतात. पुस्तकात त्याची चौकोनांची चित्रं आहेत. ती फळ्यावर काढताना मला मात्र पडवीतल्या बाकावर दाटीने बसलेल्या बायका दिसतात, आणि पेटीपाशी उभी असलेली तू.

फोन आला तेव्हा मी सहावीत होते. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून खाली उतरून आपल्या वाडीपर्यंत तारा आणणं कुणाला जमलं नसतं, म्हणून हा रेडिओचा फोन. पोलादपूरच्या मनोऱ्याकडे आपल्या अंगणातून सरळ नजर जायची, बाकीच्यांच्या दारासमोर डोंगर आडवा यायचा, एवढ्याच कारणाने तो आपल्या घरी आला. अंगणात लोखंडी नळावर अँटेना, कौलांवर सोलरची पाटी, पडवीत बॅटरी आणि एक करडी पेटी. टेलिफोनचे इंजिनिअर तुला समजावून सांगताहेत आणि मी दाराला टेकून ऐकते आहे.

"वहिनी, पोलिसांच्या सेटवर एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याने नुसतं ऐकायचं असतं. याच्यात तसं नाही. बोलणं जायची फ्रिक्वेन्सी वेगळी, यायची वेगळी. दोघं एकदम बोलू शकता."

"दोघं एकदम बोलली तर ऐकनार कोन?" तू विचारलंस.

ते हसले. मग सांगितलं की असा फोन आणखी बारा वाड्यांना दिलाय, आणि जायची-यायची मिळून एक वाट, अशा तेरा जणांत वाटा दोनच. दोन वाड्या बोलत असल्या की तिसरीच्या कानात नुसतं टूं-टूं. तू मान हलवलीस. चौथी शिकलेली तू. पण हे तुला पुन्हा सांगावं लागलं नाही.

रविवार आला आणि सगळं अडलं. वाडीतला निम्मा पुरुषवर्ग मुंबईला, गावकरी मंडळाच्या खोलीत राहणारा. सुट्टी रविवारी, म्हणून सगळे रविवारी संध्याकाळीच फोन करणार. तेरा वाड्यांत एकदमच. बायका चार वाजल्यापासून पडवीत येऊन बसत आणि अंधार पडल्यावर फोन न येताच उठून जात. असे तीन रविवार तू बघितलेस. चौथ्या आठवड्यात पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी तू बाकीच्या वाड्यांत फोन सांभाळणाऱ्यांना शोधून काढलंस. एक दुकानदार, एक रिटायर झालेले गुरुजी, एक कोतवाल, असे एकेक. एसटी स्टँडवर उभ्याउभ्याच ठरवलंत. रविवारी पाचपासून प्रत्येक वाडीला दहा मिनिटं. आपली वेळ असेल तेव्हाच फोन उचलायचा. घड्याळं रेडिओच्या बातम्यांना लावून घ्यायची. एका वेळी एकच वाडी बोलणार, म्हणजे दुसरी वाट मोकळी राहणार. ती कुणीही वापरायची नाही. ती आजाऱ्याची. आणि आपल्या वाडीसाठी तू शेवटची वेळ मागून घेतलीस, सातची.

वाडीतली माणसं भडकली. चुलतकाका अंगणात येऊन म्हणाले, "फोन आपला, नि आपुनच शेवटी? ह्यो कुठला न्याय?"

"फोन आपला हाय, भावजी. वाट आपली नाय," तू म्हणालीस आणि तांदूळ निवडत राहिलीस.

मुंबईला जाणाऱ्या एसटीबरोबर तू मंडळाच्या खोलीत वेळांचा कागद पाठवलास. पुढच्या रविवारी पडवीतल्या आठही बायका बोलल्या. कुणी रडलं, कुणी नुसतं "हां, हां" करत राहिलं, पण बोलल्या सगळ्या. आज मोबाईलच्या टॉवरवर हेच चालतं, सेकंदाचे हजार तुकडे करून. वर्गातल्या मुलांना ते फार हुशारीचं वाटतं. मलाही वाटतं. फक्त मी ते आधी एका बाईला एसटी स्टँडवर ठरवताना पाहिलेलं आहे.

आता त्या रविवारचं लिहिते. तू वरच्या नाचणीत गेली होतीस. साडेपाचला फोन वाजला, बाबांचा. त्यांची कँटीनमधली ड्युटी बदलली होती, सातला त्यांना जमणार नव्हतं. वेळ दुसऱ्या वाडीची होती, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. त्यांनी विचारलं, "बोलू ना गो? कोनाचा खोळंबा नाय ना?" मी म्हटलं, "नाय, मोकळं हाय." शाळेतलं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, गाणं म्हणून दाखवलं. तू आलीस, डोक्यावरचा भारा टाकलास आणि पेटीचा हूक दाबून फोन तोडलास.

मंगळवारी बाजारात नदीपलीकडच्या वाडीचे दुकानदार तुला भेटले. रविवारी त्यांच्याकडच्या एका वहिनीला गवत कापताना हाताला फुरसं चावलं होतं. त्यांनी जीपसाठी पोलादपूरला फोन लावला. लागेना. वीस मिनिटं नुसतं टूं-टूं. मग लागला, जीप आली, तिला महाडच्या दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर तू मला समोर बसवलंस.

"रविवारी किती वेळ बोललीस?"

"थोडाच."

तू हनुवटी धरून माझा चेहरा वर केलास. मी म्हटलं, "खूप वेळ."

तू मारलं नाहीस. ती वहिनी घरी परत आल्याचं कळलं त्या दिवशी तू मला घेऊन निघालीस. दोन तासांची वाट, नदी गुडघाभर. वाटेत तू एवढंच म्हणालीस, "थितं मी बोलनार नाय. तू बोलायचं." त्यांच्या ओटीवर ती बसली होती, हात फडक्यात गुंडाळलेला. दोन बोटं तिची पुढे कधी सरळ झाली नाहीत. ती उशिरामुळे की विषामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "फोनची वाट मी अडवली होती. बाबांशी बोलत होते." तिची सासू घरात निघून गेली. वहिनीने मात्र विचारलं, "काय म्हनत होते तुजे बाबा?" मला रडू फुटलं. ती म्हणाली, "शेवटी लागला ना फोन. लागला म्हनून मी हाय." मग तिनेच सासूला चहा टाकायला सांगितलं. तू तो चहा खाली मान घालून प्यालीस. आपली चूक नसताना असं दुसऱ्याच्या ओटीवर मान घालून बसणं किती कठीण असतं, हे मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळलं.

मला वाटलं होतं आता मला फोनजवळ येऊ देणार नाहीस. पुढच्या रविवारी तू तुझं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलंस. पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं. "आजपासून वेळ तू बघायची," म्हणालीस. काका काहीतरी पुटपुटले. तू आत जाऊन भाकऱ्या थापायला बसलीस आणि एकदाही बाहेर डोकावली नाहीस. मी दहा मिनिटांत आठ बायकांना बोलायला दिलं, एकीलाही कमी पडू दिलं नाही. ज्या हाताने चूक केली त्याच हातात काम सोपवायचं, हे धैर्य माझ्यात अजून नाही. प्रॅक्टिकलला एखाद्या मुलाने मीटर जाळला तर मी दुसरा मीटर कपाटात ठेवून कुलूप घालते.

बाबा हल्ली माझ्याकडेच असतात. आज मी उद्याच्या धड्याचे कागद पसरून बसले होते, त्यांनी विचारलं काय शिकवतेस, तर मी तुझ्या वेळापत्रकाबद्दल सांगितलं. ते हसले. म्हणाले, "सगळ्यांची बोलनी करून दिली तिनं. माज्याशी मातर दोन-तीनदाच बोलली आसंल. तेबी एवडंच, 'बरं हाय ना, मग ठेवते, मागं मान्सं खोळंबल्यात.'"

मी चार वर्षं दर रविवारी वेळ सांभाळली, आई. बाकावरच्या प्रत्येकीला हाक मारली. बाबांचा फोन आला की आधी मी बोलायचे, मग धाकटा, मग आजी. चुलीपाशी तू बसलेली असायचीस, पाच पावलांवर. तुला हाक मारायचं मला एकदाही सुचलं नाही.