घासलेला रुपया

३ नोव्हेंबर २०२३
आज थेरगावात दौलतरावांकडे राहायला आलो. जिन्याखालची खोली, पण खिडकी आहे, गादी नवी आहे. काम त्यांची जुनी नाणी सांभाळायचं. कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर बत्तीस वर्षं काढली, ठसा कसा झिजतो ते मला कळतं, म्हणून मला घेतलं. चाकणला सून स्नेहलने स्वतः पिशवी भरून दिली. हॉल आता मोकळा होईल म्हणाली. असो. इथला चहा चांगला आहे.

५ नोव्हेंबर
दौलतरावांनी १८६२ चा राणीछाप रुपया दाखवला. पुढची कितीतरी वर्षं तेच साल छापत होते म्हणे, त्यामुळे खालचे ठिपके मोजून खरं वर्ष ओळखायचं. हा काळाकुट्ट. कुणा मेलेल्या बाईच्या तोंडात ठेवलेला, राखेत सापडला. घासायचा न्हाई सोनबा, काळेपणातच त्याचा जीव हाय, असं दोनदा बजावलं.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी
नाण्यांची पूजा करायला सांगून दौलतराव देहूला बहिणीकडे गेले. लक्ष्मीपुढे काळं नाणं कसं ठेवायचं? एकटंच मागे तरी कसं ठेवायचं? जीव राहिना. चिंच लावून घासलं. काळं गेलं. राणीचा चेहराही गेला. नुसती गुळगुळीत चांदी.

११ नोव्हेंबर
रुपया नाण्यांच्या ट्रेच्या तळाशी लपवला. कळलं तर हाकलतील. चाकणला जागा नाही. मग कुठे?

१७ नोव्हेंबर
पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी डांगे चौकातल्या केंद्रात गेलो. अंगठा उठेना. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, प्रेसवाल्यांचे अंगठे झिजतातच, चेहरा दाखवा. कॅमेऱ्याने चेहराही घेतला नाही.
येऊन रुपया पाहिला. मधोमध नाक वर आलंय. मोडकं. प्रेसची पट्टी लागून माझं मोडलं होतं, तसंच.

१९ नोव्हेंबर
स्नेहलला व्हिडिओ कॉल केला. कोण हो तुम्ही, आमच्या सासऱ्यांचा फोन कुठे मिळाला, असं विचारून तिने ठेवून दिला.

२० नोव्हेंबर
आरशात भुवया नाहीत. नाण्यावर माझी टोपी, माझी मिशी. पुन्हा काळं करायला राख चोळली — धरत नाही. बोटांचा चिंचेचा वास जात नाही.

२२ नोव्हेंबर
दौलतराव आले. माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्रे उघडला. आता हाकलणार —
हसले. फोनवर कुणाला सांगत होते, राणीच्या जागी म्हातारा, असला ठसा कुणाकडंच न्हाई, आता कुणाला हातबी लावू द्यायचा न्हाई. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तोंड चिकटवलं.
दम लागतोय. ओठ चाचपले — सपाट —
इतकं जपून मला आजवर कुणी